कोल्बोटनचे दोघे, सातपूरची खोली

(दृश्य : काळा पडदा. गिटारचा खरखरीत आवाज सुरू होतो, मागोमाग ड्रम.)

हे रेकॉर्डिंग घरात झालंय. नॉर्वेत ओस्लोच्या दक्षिणेला कोल्बोटन नावाचं उपनगर आहे. तिथल्या फेनरिझनं चार ट्रॅकच्या टेप रेकॉर्डरवर सगळी वाद्यं एकट्यानं वाजवली, नॉक्टर्नो कुल्टोनं त्यावर गळा फाडून गायलं आणि १९९४ साली या दोघांच्या डार्कथ्रोन या बँडचा चौथा अल्बम आला, 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. ड्रम एकाच चालीत पळत राहतात. बास जेमतेम ऐकू येतो. त्यावर गिटारची सूर न सोडणारी, थंड, उदास धून. ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटलचा सगळ्यात काळोखी, किंचाळता प्रकार, म्हटलं की आज जो आवाज कानात येतो, तो बराचसा इथून आलाय.

त्या अल्बमच्या मागच्या बाजूला वंशवादी शब्द छापले होते. त्यावरून गदारोळ झाला आणि बँडनं माफी मागितली. गाणी कितीही आवडत असली तरी हे गाळून पुढे जाणं मला पटत नाही. त्या काळात नॉर्वेत या संगीताच्या वर्तुळातल्या काही जणांनी चर्च जाळली, खून केले, आणि बाहेरच्या जगाला हे संगीत त्या बातम्यांमधूनच कळलं.

(दृश्य : सातपूर, नाशिकची औद्योगिक वसाहत. शिफ्ट सुटल्यावरची गर्दी. एका गाळ्यावरची खोली, भिंतींना जुन्या गाद्या.)

पुढे जगभरच्या पोरांनी तोच आवाज गिरवला. नाशिकच्या पोरांनीही. सातपूरच्या या खोलीत चौघं जमतात. गिटार, बास, ड्रम, गळा. सुरुवातीला ब्लॅक मेटलच्या रिवाजाप्रमाणे चेहऱ्याला काळा-पांढरा रंग फासून फोटो काढले, बँडचं नाव वाचता येणार नाही अशा अक्षरांत काढलं. शहरात या संगीताला मंच जवळजवळ नाही. कार्यक्रम असला तर गिटार सांभाळत पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची.

आणि मग त्यांच्या हाती डार्कथ्रोनचा २००६ चा अल्बम लागला, 'द कल्ट इज अलाइव्ह'.

(आवाज : वेगळाच ड्रम. उसळता, सरळ, रस्त्यावरचा.)

हा तोच बँड आहे यावर आधी विश्वास बसत नाही. धुकं गेलं. गाणी आखूड झाली, रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, मोकळे झाले, तालावर मान आपोआप हलायला लागली. दोघांनी स्वतःचं रेकॉर्डिंगचं सामान विकत घेतलं होतं. आता स्टुडिओचं घड्याळ बघायची गरज उरली नव्हती. त्यात पंक होतं, म्हणजे साधं, वेगवान, बंडखोर रॉक. जुनं, रांगडं पंक.

बरेच चाहते चिडले. माझ्या मते चिडण्यासारखं काही घडलंच नव्हतं. ब्लॅक मेटलची वंशावळ काढून बघा. 'ब्लॅक मेटल' हे नाव आलं न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून, आणि व्हेनम वाजवायचे ते मोटरहेड या इंग्लिश बँडच्या वाटेवरचं, धसमुसळं, वेगवान हेवी मेटल. १९८४ मध्ये स्टॉकहोमच्या बॅथरी या बँडनं त्यात आणखी काळोख ओतला. स्वित्झर्लंडचा हेलहॅमर हा बँड तर इतकं ओबडधोबड वाजवायचा, की त्या वेळी अनेकांनी नाकं मुरडली. पंक आणि मेटल तेव्हा एकाच खोलीत राहत होते. भिंत नंतर उभी राहिली. डार्कथ्रोननं ती पाडली आणि मूळ घरात परत गेले.

(दृश्य : ड्रमरचे हात, अगदी जवळून. काड्यांची टोकं झिजलेली.)

त्या घरातली एक वस्तू नीट बघू. इंग्लंडमधल्या स्टोकचा डिस्चार्ज हा पंक बँड. त्यांच्या ड्रमच्या चालीला लोक डी-बीट म्हणतात. स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, ठरलेल्या जागी सपकन घाव पडतो आणि खालचा मोठा ड्रम त्या घावांच्या मधल्या फटींत शिरतो. तोंडानं म्हटलं तर धुम्, ता-धुम्, धुम्-ता. आपला पाय सरळ पडेल असं वाटत असतानाच ताल अर्धं पाऊल पुढे उडी मारतो. सगळी ओढ त्या उडीत आहे.

सातपूरचा आपला ड्रमर गणपतीत ढोल पथकात वाजवतो. वाकडी बारवपासून रविवार कारंजापर्यंत मिरवणुकीत ढोल कमरेला बांधून चालायचं, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. एकसारखा वेगानं पळणारा ब्लास्ट बीट त्याला कधी मनापासून जमला नाही. मनगटं आखडायची. डी-बीट ऐकला आणि तो म्हणाला, "हे माझ्या अंगात आहे रे." पहिल्याच संध्याकाळी वाजला. थोडा जड वाजला, ढोलाच्या अंगानं वाजला, पण वाजला.

(दृश्य : खिडकीबाहेर कारखान्याचे दिवे.)

फेनरिझनं कित्येक वर्षं टपाल खात्यात नोकरी केली. डार्कथ्रोन दौरे काढत नाही, मंचावर जात नाही. कामावरून यायचं, गाणी लिहायची. पंकच्या त्या काळात दोघं आपापली गाणी वेगवेगळी लिहीत आणि बहुतेकदा ज्याचं गाणं त्यानंच गायचं. सातपूरच्या पोरांना बँडमधलं सगळ्यात जवळचं काय वाटतं विचारलं, तर ते ही टपालाची नोकरी सांगतात. दिवसभर मशीनवर उभं राहून संध्याकाळी गिटार उचलणाऱ्याला हे कळतं.

२०१३ मध्ये 'द अंडरग्राउंड रेझिस्टन्स' आला आणि पंकही मागे सरलं. आता समोर होतं ऐंशीच्या दशकातलं हेवी मेटल. शेवटचं गाणं तेरा मिनिटांहून लांब, आणि त्यात फेनरिझ चक्क उंच, खुल्या आवाजात गातो. त्याचा आवाज काही ठिकाणी फाटतो. मला ते गाणं त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत धीट वाटतं. ज्याला 'काळोखाचा राजा' ठरवून टाकलंय, त्यानं आपल्याला लहानपणी काय आवडायचं ते इतक्या उघडपणे गाणं, ही साधी गोष्ट नाही. त्यानंतरचे अल्बम आणखी संथ, आणखी जड होत गेले. २०२४ मध्येही त्यांचा नवा अल्बम आला.

(दृश्य : चौघं खोलीत. ॲम्प्लिफायरचा दिवा लागतो.)

सातपूरच्या बँडचा गिटारवाला अजून १९९४ च्याच बाजूनं आहे. "ती थंडी पुन्हा कुणाला जमली नाही," तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. ड्रमर ऐकत नाही. भांडणातून वाट निघाली ती अशी : धून गिटारवाल्याची, चाल ड्रमरची. चेहऱ्याचा रंग गेला. गाणी मराठीत लिहायला घेतलीत. पहिलं गाणं रात्रपाळीवर आहे आणि रेकॉर्डिंग याच खोलीत होणार, गाद्या लावलेल्या भिंतींमध्ये, कारण स्टुडिओच्या तासाचे पैसे वाचवून त्यांना आधी नवी बास गिटार घ्यायचीय.