बिनखुणेची नावं

मंडळी, निरोप समारंभाची पहिली बैठक भरली की पहिला प्रश्न असतो सजावटीचा आणि दुसरा पाहुण्यांचा. हे दोन्ही थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आधी एक साधं गणित मांडू. शाळेच्या शेवटच्या वर्षाला १२० मुलं आहेत असं धरा. प्रत्येकाला नावानं बोलवायचं, त्याच्याबद्दल एक वाक्य वाचायचं आणि त्या वाक्याचं कार्ड त्याच्या हातात द्यायचं. नावाला दोन सेकंद, वाक्याला सात-आठ, चालत यायला पाच, कार्ड घेऊन पुढे सरकायला पाच. झाले वीस सेकंद. १२० मुलांचे २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटं. नव्वद मिनिटांच्या कार्यक्रमातून ही चाळीस मिनिटं सगळ्यात आधी काढून ठेवायची. उरलेल्या पन्नासात मुलांचं आत येणं, मुख्याध्यापक, पाहुणे, दोन विद्यार्थ्यांची मनोगतं, छायाचित्रांची फीत आणि बाहेर पडणं बसवायचं. नाही बसलं तर यातलं काहीतरी कापा. नावांना हात लावू नका.

बहुतेक ठिकाणी होतं उलटं. भाषणं आधी बसवतात आणि उशीर झाला की ‘वेळेअभावी’ म्हणून अख्ख्या वर्गाला एकदम उभं करतात, टाळ्या वाजवतात आणि मोकळे होतात. ज्या मुलाचं नाव इतक्या वर्षांत एकदाही माइकवरून ऐकू आलं नाही, त्याचं त्या दिवशीही येत नाही. मुलं ३०० असतील तर वीस सेकंदांनी शंभर मिनिटं होतील, ते कुणाला झेपणार नाही. मग वाक्यं आपापल्या वर्गात वाचा आणि सभागृहात फक्त नाव घ्या, आठ सेकंदांत एक. पुन्हा चाळीसच मिनिटं.

आता त्या वाक्याकडे येतो, कारण सगळा जीव तिथे आहे. बारा ते पंधरा शब्द, त्याहून मोठं नको. ‘हुशार, मेहनती आणि शिस्तप्रिय विद्यार्थिनी’ हे वाक्य नाही, तो शिक्का आहे. तीस जणींवर मारला तरी चालतो. कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट लिहायची. ‘प्रयोगशाळेतल्या बाटल्यांच्या पुसट झालेल्या चिठ्ठ्या हिनं न सांगता नव्यानं लिहून लावल्या.’ ‘उशिरा आलेल्या मुलाला पान कोणतं ते हा नेहमी बोटानं दाखवायचा.’ असं वाक्य दुसऱ्या कुणाला लावून पाहा, लागत नाही. हीच त्याची परीक्षा. मसुदे झाले की नावं झाकून सहकाऱ्याला वाचायला द्या. मूल ओळखू आलं तर वाक्य ठेवा, नाही तर परत पाठवा.

काम वाटताना नेहमीची चूक अशी, की आठ शिक्षकांना हजेरीपटावरची पंधरा-पंधरा नावं ओळीनं देऊन टाकतात. त्यात पाच जणांबद्दल काय लिहावं हे सुचतच नाही आणि तिथे शिक्के पडतात. त्यापेक्षा पूर्ण यादी शिक्षकखोलीत ठेवा. ज्याच्याबद्दल आत्ता, कुणाला न विचारता, एक पाहिलेली गोष्ट लिहिता येईल, त्या नावापुढे प्रत्येकानं खूण करायची. ग्रंथपाल, कार्यालयातली माणसं, शिपाई, खेळाचे शिक्षक यांनीही करायची. मधल्या सुट्टीतलं मूल त्यांनाच जास्त दिसतं. दोन दिवसांनी यादी पाहा. काही नावांपुढे सात-सात खुणा असतील. त्या मुलांची काळजी नको, त्यांच्यासाठी वाक्यं भांडत येतील. काही नावांपुढे एकही खूण नसेल. ना पहिल्या रांगेत, ना तक्रारवहीत, ना स्नेहसंमेलनात, अशी ही मुलं. समारंभाचं काम या बिनखुणेच्या नावांपासून सुरू होतं.

अशी दहा-बारा नावं निघाली तर प्रत्येक शिक्षकाकडे एक-दोन द्या आणि दोन आठवडे नुसतं लक्ष ठेवायला सांगा. मुलाला बोलावून ‘तुझे छंद काय’ विचारू नका, त्याला कळतं की आपली माहिती गोळा चालली आहे. वही पाहा. समासात काय काढतो, खोडताना कशी रेघ मारतो, बाकावर शेजारी कोण आणि त्या शेजाऱ्याशी काय बोलतो. दोन आठवड्यांत काहीच हाती लागलं नाही असं सहसा होत नाही. म्हणून हे काम समारंभाच्या निदान महिनाभर आधी सुरू करायचं: आठवडा खुणांना, दोन आठवडे पाहायला, एक लिहायला-तपासायला.

तारखेचंही इथेच सांगतो. निकालानंतर समारंभ ठेवला तर ज्याचा निकाल बिघडला तो येत नाही, आणि त्याचंच नाव घ्यायची सगळ्यात जास्त गरज असते. परीक्षा संपल्या दिवशी ठेवला तर निम्मी मुलं पांगलेली असतात. परीक्षेच्या तीन-चार आठवडे आधीचा, शाळा नेहमीसारखी भरलेली असतानाचा दिवस उत्तम.

कार्ड साधारण पोस्टकार्डाएवढं असावं. पहिल्या ओळीत नाव, ते मुलानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं आणि जसं हाक मारलेलं आवडतं तसं. हजेरीपटावरचं नाव आणि माणसाचं नाव यांत फरक असतो, आणि सगळ्यांसमोर चुकीचं नाव घेतलं गेलं तर पुढचं वाक्य कितीही चांगलं असो, ते मूल ऐकतच नाही. खाली वाक्य, खाली लिहिणाऱ्याची सही. गठ्ठा वाचणाऱ्याकडे आधीच देऊन ठेवला तर घोळ होतो: एक मूल गैरहजर निघतं, क्रम एकानं सरकतो आणि पुढच्या दहा जणांना भलतीच वाक्यं लागतात. म्हणून कार्ड बंद पाकिटात घालून, वर नाव लिहून, रांगेत उभं राहताना मुलाच्याच हाती द्यायचं. त्यानं ते वाचणाऱ्याच्या हातात द्यायचं. वाचून झालं की ते त्याला परत मिळतं. जो आला तोच वाचला जातो, चूक व्हायला जागाच राहत नाही.

वाचणारे दोघं असावेत, पंधरा-पंधरा नावांनी आलटून पालटून. चाळीस मिनिटांत एकाचा घसा कोरडा पडतो आणि स्वर सपाट होतो. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या तीन खुणा करा: एक थांबायची, एक कार्ड द्यायची, एक छायाचित्राची. आधीचं मूल तिसऱ्या खुणेवर पोचल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही, नाही तर टाळ्या नाव गिळतात. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर वाचणाऱ्यानं थांबावं. सूत्रसंचालकानं मध्ये विनोद टाकायची काही गरज नाही.

मंचाचा एक प्रश्न. चाकांच्या खुर्चीवरचं मूल असेल तर उताराचं प्रमाण निदान १:१२ हवं, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. मंच ६० सेंटिमीटर उंच असेल तर उतार ७.२ मीटर लांब लागेल, आणि तेवढी जागा फार थोड्या सभागृहांत मिळते. मग चौघं खुर्ची उचलून वर नेतात आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्या त्या मुलाला नको असतात. सगळ्यांनाच मंचाखाली, जमिनीवर बोलवा. खालून मागच्या रांगांना दिसत नसेल तर खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा.

गमतीच्या उपाध्या देण्याची हौस धाकट्या वर्गांना असते. असू दे, पण दोन अटी घाला. शरीर, रंग, बोलण्यातला दोष, परीक्षेतले गुण, घरची परिस्थिती आणि कुणाशी तरी जोडलेलं नाव, हे सहा विषय बंद. आणि प्रत्येक उपाधी आदल्या दिवशी त्या मुलाला एकट्याला दाखवायची, घोळक्यात नाही. घोळक्यात प्रत्येक जण हसतो. ज्याला लागलं तो जरा जास्तच हसतो.

ध्वनिव्यवस्थेचं थोडक्यात. माइक शिट्टी मारतो तेव्हा सगळे आवाज कमी करायला धावतात. कारण बहुधा जागेचं असतं: स्पीकर माइकच्या मागे किंवा बाजूला असतात, त्यांचा आवाज माइकमध्ये शिरतो, तो वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो आणि हे चक्र थांबत नाही. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. तोंड आणि माइक यांत मूठभर अंतर असू द्या; हे अंतर निम्मं केलं की माइकला पोचणारा आवाज साधारण सहा डेसिबलनं वाढतो, म्हणजे यंत्रावरचा आवाज तेवढा खाली आणता येतो आणि शिट्टीही टळते. आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात घुमतंय म्हणून घाबरू नका. माणसं बसली की अंगं आणि कपडे बराच आवाज शोषून घेतात. बिनतारी माइकला त्या दिवशी नव्या बॅटऱ्या घाला, ‘अजून चालताहेत’ अशा नकोत.

छायाचित्रांची फीत सहा मिनिटांहून लांब नको. एका चित्राला साडेतीन सेकंद धरले तर शंभर चित्रं. इथेही तीच यादी घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे तो किती चित्रांत ओळखू येतो ते लिहा. दहा मुलं साठ चित्रांत आणि तीस मुलं एकाही चित्रात नाहीत, असं हमखास निघतं, कारण चित्रं स्पर्धांची आणि बक्षिसांची असतात. राहिलेल्यांची चित्रं त्या आठवड्यात वर्गात, मैदानावर, पाण्याच्या नळापाशी काढून घ्या. फीत ज्या संगणकावरून दाखवायची त्याच संगणकावर उतरवून ठेवा, इंटरनेटवरून चालवायच्या भानगडीत पडू नका.

पाहुण्यांना पाच मिनिटं, तीही लेखी कळवा. सावकाश बोलणारा मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो, तेव्हा हे पाचशे-सहाशे शब्दांचं भाषण झालं. त्यांची जागा नावांच्या आधी. पाहुणे वेळेवर आले नाहीत तर नावं सुरू करा. ते आल्यावर बसतील आणि ऐकतील.

समूहचित्र सगळ्यात आधी, शेवटी नाही. शेवटी डोळे सुजलेले असतात आणि चार जण निघून गेलेले. सूर्य डोळ्यांवर नको, इमारतीची सावली बरी. ऑस्ट्रेलियातले निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना २००६ साली गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं ते याच प्रश्नावर: कुणाचेही डोळे मिटलेले नसलेलं चित्र हवं तर किती वेळा काढावं? वीसपेक्षा कमी माणसं आणि चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीननं भागा, उजेड कमी असेल तर दोननं. अठरा जणांची सहा चित्रं. १२० जणांच्या एका चौकटीत निर्दोष चित्राची आशाच सोडा. म्हणून मोठं एक काढा आणि शिवाय अठरा-अठराच्या गटांची काढा. आणि चित्र काढल्या क्षणीच एकानं वही घेऊन रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे नावं उतरवून घ्यावीत. पाच वर्षांनी दुसऱ्या रांगेतला सातवा कोण, यावर शिक्षकखोलीत वाद होतात.

राहता राहिला शेवट. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, पण त्या तीसात पाणी हळूहळू एका अंशानं कोमट केलं. पुन्हा कोणतं कराल असं विचारल्यावर बत्तीसपैकी बावीस जणांनी लांबलेली खेप निवडली, कारण तिचा शेवट जरा सुसह्य होता. आपण काय करतो? उत्तम कार्यक्रमाच्या टोकाला पंचवीस नावांचं आभारप्रदर्शन बांधतो. खुर्च्या सरकतात, मुलं मागे वळून बोलू लागतात आणि मनात राहतं ते तेच. आभार छापील पत्रिकेत द्या किंवा सुरुवातीला दोन वाक्यांत माना. शेवटचं नाव वाचून झालं की काही बोलू नका. शिक्षक आणि धाकटे वर्ग दारापर्यंत दोन ओळींत उभे राहतील, मधून मुलं बाहेर जातील. एका वेळी एक, घाई न करता. १२० मुलांना आठ मिनिटं लागतात.

जे आले नाहीत त्यांची पाकिटं मेजावर उरतात. आजारी, परगावी गेलेले, फी थकल्यामुळे तोंड दाखवायला लाजणारे. ज्यानं वाक्य लिहिलं त्यानंच ते पाकीट आठवड्याच्या आत नेऊन द्यावं, कार्यालयातून घेऊन जायला सांगू नये. वर्षाच्या मध्येच शाळा सोडलेल्यांचीही कार्डं करा. एखादं मूल दगावलेलं असेल तर त्याचं नाव घ्यायचं की नाही हे आधी घरच्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर कारण विचारू नका.