तू आधी!

नमस्कार मंडळी. आज बोलूया दोघांनी खेळायचा छोटासा पटखेळ घरी कसा बनवायचा त्याबद्दल. सामान कमी आणि नियमही कमी, एवढं लक्षात ठेवा.

मागच्या पावसाळ्यात मी आणि माझी तिसरीतली भाची कोकणात निघालो होतो आणि घाटात दरड आली, पुढे मागे गाड्याच गाड्या, मोबाईलला रेंज नाही. जवळ काय, तर एक लग्नपत्रिका, एक पेन आणि शेंगदाणे-फुटाण्यांची पुडी. पत्रिका मागून कोरी होती म्हणून बरं, हल्ली इतक्या गुळगुळीत छापतात की पेन उमटत नाही, पत्रिका साधीच असावी हे माझं ठाम मत.

तर तीन बाय तीन अशी नऊ घरं आखली, तिच्या बाजूच्या ओळीत तिचे तीन फुटाणे, माझ्या बाजूच्या ओळीत माझे तीन शेंगदाणे, समोरासमोर. बुद्धिबळातल्या प्याद्यासारखं सरळ एक घर चालायचं, तिरकं मारायचं, मारलेलं खाऊन टाकायचं. पलीकडच्या ओळीत पोचला तो जिंकला, समोरच्याची चाल बंद केली तरी जिंकला. हा खेळ गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९६२ साली मांडला, २४ काडेपेट्यांना तो कसा शिकवायचा तेही दाखवलं: दर मांडणीची एक पेटी, दर चालीचा एक रंगीत मणी, हरवणाऱ्या चालीचा मणी काढून टाकायचा.

मोठा म्हणून पहिली चाल माझी. मी मधला दाणा पुढे केला, तिने कडेच्या फुटाण्याने मारला, मी उलटा मारला, तिने दुसऱ्या कडेचा फुटाणा सरकवला आणि माझी चालच बंद! पुन्हा तेच. चार डाव हरल्यावर म्हटलं, आता तू आधी. तर हाताची घडी घालून म्हणते, "नाही मामा, तू आधी." पोरीने बरोबर ओळखलं होतं, या खेळात दुसरा नीट खेळला तर तोच जिंकतो. दुसराच जिंकतो!

म्हणून खेळ बनवला की आधी बघा, पहिल्याचा फायदा की दुसऱ्याचा. फुल्ली-गोळ्यात दोघं सावध असले की बरोबरीच होते. आम्ही मग वडीच्या वाटणीचा नियम लावला, एकाने तुकडे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. म्हणजे सहाही दाणे एकाने हवे तसे मांडायचे, आणि कुठली बाजू घ्यायची, आधी कोण खेळणार, ते दुसऱ्याने ठरवायचं. एकच नियम वाढला, पण आता मांडणाऱ्यालाच दोन्हीकडून विचार करावा लागतो, आणि तिथेच खरी मजा आली, दरड हटेपर्यंत पुडी संपली.

घरी पोचल्यावर तिने ती पत्रिका आजीसमोर ठेवली, दाणे जुन्याच पद्धतीने मांडले आणि म्हणाली, "आजी, तू आधी."