दार बंद, खेळ सुरू

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या सामन्यांबद्दल बोलणार आहे, ते बघायला पुरुषांना मज्जाव होता. वडील असोत, भाऊ असो नाहीतर नवरा. तेहरानमधला बंद हॉल. आत खेळणाऱ्या बायका आणि बघणाऱ्याही बायकाच. तुम्ही रेडिओवर ऐकताय, म्हणजे दिसत तुम्हालाही नाही. तेवढी फिट्टंफाट!

मुस्लिम महिलांच्या या आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1993 साली इराणात सुरू झाल्या. पुढाकार फाएझे हाशेमींचा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रफसंजानी यांची ही लेक. 2005 पर्यंत चार वेळा त्या भरल्या. पुढे त्यात फुटसाल आलं आणि थेट ब्रिटनमधून मुस्लिम मुलींचा संघ खेळायला आला.

फुटसाल म्हणजे घरातला फुटबॉल म्हणा ना. मैदान 40 मीटर लांब, 20 रुंद, गोलकीपर धरून पाच जणी. चेंडू जरा लहान आणि मुद्दाम मंद केलेला; टप्पा पडला की उसळायचं सोडून पायाशीच घोटाळतो. शिवाय छप्पर असतं, भिंती असतात, दार लावून घेता येतं. दार लावलं की डोक्यावरचा रुमाल काढून मोकळेपणी धावता येतं.

पण लावलेल्या दाराआड कॅमेराही येत नाही. इतक्या गोल मारणाऱ्या मुली, त्यांची नावं किती जणांना ठाऊक झाली?

दार उघडून बाहेर यावं, तर तिथे नियम आडवे. जून 2011, जॉर्डनमधलं अम्मान. ऑलिम्पिक पात्रतेचा फुटबॉल सामना. इराणच्या मुली डोकं आणि मान झाकून मैदानात उतरल्या, आणि सामना सुरू होण्याआधीच बाद ठरल्या. मैदानातच रडू कोसळलं त्यांना. डोकं झाकून खेळायची रीतसर मुभा नियमात आली ती 2014 मध्ये.

पुढच्याच वर्षी मलेशियात इराणच्या मुलींनी जपानला 1-0 हरवून आशियाई फुटसाल चषक जिंकला. कर्णधार नीलूफर अर्दलान मात्र संघात नव्हती. तिच्या पासपोर्टच्या नूतनीकरणाला नवऱ्याने संमती दिली नव्हती. मुलाच्या शाळेचा पहिला दिवस होता म्हणे! नवरा स्वतः क्रीडापत्रकार, बरं का.

नोव्हेंबरात ग्वाटेमालाच्या स्पर्धेला ती गेली. न्यायखात्याने परवानगी दिली होती, त्या एका प्रवासापुरती.