त्याच संध्याकाळची वही

मंडळी, मॅरेथॉन धावून आलेल्या माणसाला त्याचा अनुभव विचारायचा असेल, तर त्याच दिवशी विचारा. फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कठडा धरून एकेक पायरी उतरत असेल तेव्हा. सहा महिन्यांनी विचारलंत तर तो खोटं बोलणार नाही, पण तो जे सांगेल त्यातलं निम्मं गळून गेलेलं असेल, आणि नेमकं तेच निम्मं महत्त्वाचं असतं.

पोलंडमधल्या क्राकूव शहरात २०१२ साली झालेल्या मॅरेथॉनमध्ये एका मानसशास्त्रज्ञानं ६२ धावपटूंना अंतिम रेषा ओलांडल्या ओलांडल्या गाठलं. आत्ता किती दुखतंय, मनाची अवस्था काय आहे, असं विचारून उत्तरं लिहून घेतली. मग त्यांतल्या काहींना तीन महिन्यांनी आणि काहींना सहा महिन्यांनी परत विचारलं, की त्या दिवशी किती दुखत होतं? बहुतेकांनी आधी सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच कमी सांगितलं. तोच माणूस, तेच पाय, तीच शर्यत, पण वेदना मात्र आटली होती.

मी स्वतः सात मॅरेथॉन धावलो आहे. एक अर्धवट सोडली, ती धरून सात. आणि पाच वेळा पस्तिसाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलामागे स्वयंसेवक म्हणून उभा राहिलो आहे. पहिल्या शर्यतीपासून एक नेम पाळला: त्याच संध्याकाळी वहीत लिहायचं, झोपायच्या आधी. आज तुमच्यापुढे बोलतोय ते त्या वहीतून बोलतोय, आठवणीतून नाही.

सुरुवातीची पानं भरभर उलटतो, कारण ती सगळ्यांची सारखीच असतात. अपुरी झोप, स्वच्छतागृहापुढची रांग, बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाला, टाचण्या लावताना थरथरणारी बोटं. शर्यतीआधी दोन-तीन आठवडे आपण धावणं कमी करत आणलेलं असतं, आमच्या भाषेत टेपर. त्यामुळे पाय ताजेतवाने असतात, आजूबाजूला हजारो माणसं असतात, आणि आपण ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात सुटतो. माझ्या पहिल्या शर्यतीच्या पानावर असं आहे: ‘५ किमी. किलोमीटरमागे २० सेकंद पुढे आहे. काही जाणवत नाही. जमेल.’ हा ‘जमेल’ शब्द मला नंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकायला मिळाला, की पाचव्या किलोमीटरला तो मनात आला की मी आता मुद्दाम वेग उतरवतो.

का, ते जरा हिशेबानं पाहू. धावताना शरीर ढोबळमानानं दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, एक किलोकॅलरी खर्च करतं. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरसाठी अडीच हजारांच्या आसपास लागतात. स्नायूंत आणि यकृतात मिळून जी साखर ग्लायकोजेन म्हणून साठवलेली असते, ती असते साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार किलोकॅलरी. उरलेलं चरबीतून यावं लागतं. चरबी कोणाकडेही भरपूर असते, पण तेवढीच ऊर्जा चरबीतून काढायला प्राणवायू जास्त लागतो, त्यामुळे तो वेग टिकत नाही. आणि जितकं जोरात धावाल तितका साखरेचा वाटा वाढतो. म्हणजे पाचव्या किलोमीटरला उधळलेले ते वीस सेकंद तिसाव्यानंतर व्याजासकट वसूल होतात. वाटेत जेल, म्हणजे पुडीतला घट्ट साखरेचा पाक, घेतो आपण, पण धावत्या पोटाला तासाला साठ ते नव्वद ग्रॅमच्या वर साखर पचवणं कठीण जातं, आणि बऱ्याच जणांना तेवढीही झेपत नाही.

तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरच्या दरम्यान ती साखर तळाला जाते. रनर लोक त्याला ‘वॉल लागली’ म्हणतात. भिंत म्हटलं की वाटतं काहीतरी धाडकन आदळत असेल. माझ्या वहीत तसं एकदाही आलेलं नाही. वहीत आहे ते असं: ‘३३ किमी. दुखत नाहीये. पाय माझे नाहीत एवढंच. राग येतोय. कडेला एक लहान मुलगी टाळ्या वाजवत होती, तिचा राग आला.’

हे वाचताना आजही मला लाज वाटते. पण ते लिहून ठेवलं याचं समाधानही वाटतं, कारण सहा महिन्यांनी मी हेच सांगितलं असतं की लोकांनी फार उत्साह दिला. मेंदूलाही साखरच लागते. रक्तातली साखर उतरली की माणूस चिडका होतो, रडवेला होतो, साधा गुणाकार जमत नाही. नऊ किलोमीटर उरलेत आणि किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागतायत तर किती वेळ लागेल, हे गणित मी चौतिसाव्या किलोमीटरपासून छत्तिसाव्यापर्यंत करत होतो आणि दर वेळी वेगळं उत्तर येत होतं. ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ शर्यतीत शंभरपर्यंत आकडे मोजायची. तीनदा शंभर झाले की एक मैल. हिनं २००३ साली लंडनमध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा महिलांचा जागतिक विक्रम केला आणि तो सोळा वर्षं टिकला. तिच्यासारखीलाही शेवटी आकडेच मोजावे लागत, हे कळल्यावर मला धीर आला. मीही मोजतो. माझे तीनशे झाले तरी मैल होत नाही, पण शंभरपर्यंत मोजायला डोकं शाबूत असावं लागतं आणि मोजता मोजता ते शाबूत राहतं, असा माझा अनुभव आहे.

आता टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

पस्तिसाव्या किलोमीटरला चेहऱ्यांवर मीठ असतं. कानशिलांवर, भुवयांत, पांढरी खरबरीत रेघ. पेला द्यायचा तर तळाशी धरायचा, म्हणजे घेणाऱ्याला वरून पकडता येतो. तरीही निम्म्या जणांची बोटं त्यावर नीट मिटत नाहीत. कोणी बोलत नाही. आभार मानायची इच्छा डोळ्यांत दिसते, शब्द फुटत नाही.

एका शर्यतीत एक गृहस्थ असे टेबलापाशी आले. पन्नाशीचे असतील. पाणी घेतलं नाही, माझ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “लेस बांधून द्याल का?” उजव्या बुटाची लेस सुटून चिखलात लोळत होती. त्यांना वाकता येत नव्हतं. वाकलो तर परत सरळ होता येणार नाही, अशी त्यांना भीती वाटत होती आणि ती खरीच होती. मी गुडघ्यावर बसलो. लेस ओली होती आणि घोटा इतका सुजला होता की बूट आधी सैल करावा लागला. त्यांनी तोल जाऊ नये म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला. अनोळखी माणसाचा तळवा, पूर्ण भार टाकून, आणि तो थरथरत होता. मी दुहेरी गाठ मारली. हात उचलला गेला, आणि मी उठेपर्यंत ते वीसेक पावलं पुढे गेले होते. त्या संध्याकाळी वहीत वेळ आणि बिबचा नंबर लिहिला आणि खाली लिहिलं, ‘दुहेरी गाठ’.

पाण्याच्या टेबलामागे उभं राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण सुरुवातीला मी स्वतः चुकत होतो. “प्या, अजून प्या,” असं ओरडू नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला घटक, गरजेपेक्षा खाली गेलेलं आढळलं. त्याचा सर्वांत ठळक संबंध होता शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे घामाने गेलं त्याहून जास्त पाणी पिण्याशी. हळू धावणारे, चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणारे, यात जास्त अडकतात. प्रत्येक टेबलावर पेला दिसला म्हणून प्यायचं नसतं. तहान लागली की प्यायचं. यातून जीव गेलेले आहेत, म्हणून एवढं आग्रहानं सांगतोय.

शेवटच्या टप्प्याबद्दल बोलायचं तर आकड्यांची ओढ हा मोठा अनुभव आहे. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटानं सुमारे ९८ लाख मॅरेथॉन वेळांची नोंद तपासली. चार तासांच्या जरा आत पोहोचणारे खूप, आणि जरा बाहेर पोहोचणारे त्या मानानं कमी. तीन तास, साडेतीन तास, सगळीकडे आलेखात तसाच उंचवटा. शरीराला चार तास म्हणजे काय ते माहीत नसतं. तरी चाळिसाव्या किलोमीटरला घड्याळात बघून, आतलं सगळं संपलेलं असताना, माणसं वेग वाढवतात. मला हे फार विलक्षण वाटतं. मग तेहतिसाव्या किलोमीटरला जे संपलं म्हणत होतो, ते नक्की काय संपलं होतं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण धावपटूंना हा प्रश्न मी नेहमी विचारतो, आणि त्याच दिवशी विचारला तर ते एकदम गप्प होतात.

अर्थात नेहमी असं उसनं अवसान मिळतंच असं नाही. ४२.१९५ हे अंतर आलं १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून. विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत २६ मैल ३८५ यार्ड भरले, आणि १९२१ मध्ये तेच अधिकृत झालं. त्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांत पुढे स्टेडियममध्ये शिरला, उलट्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला. शेवटच्या साडेतीनशे मीटरना त्याला सुमारे दहा मिनिटं लागली. अधिकाऱ्यांनी आधार देऊन रेषेपलीकडे नेलं म्हणून तो बाद ठरला. साडेतीनशे मीटर केवढे असतात, हे ज्यांच्या पायात तिथे गोळे आलेत त्यांना विचारा.

आता न पोहोचलेल्यांबद्दल. हा अनुभव कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधली मॅरेथॉन म्हटलं की टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी आठवतो. पडून गुडघा दुखावला, पट्टी बांधली, आणि विजेत्यानंतर तासाभराहून जास्त वेळानं तो लंगडत शेवटचा पोहोचला. त्याची गोष्ट सांगायलाच हवी. पण त्याच रस्त्यावर, त्याच दुपारी इथिओपियाचा अबेबे बिकिलाही होता. १९६० ला रोममध्ये अनवाणी धावून आणि १९६४ ला टोकियोत, अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं जिंकलेला. तो दुखऱ्या पायानं साधारण सतराव्या किलोमीटरला थांबला. थांबणं त्याला कमी कठीण गेलं असेल, असं मला वाटत नाही.

माझं अर्धवट सोडलेल्या शर्यतीचं पान फक्त दोन ओळींचं आहे. ‘२७ किमी. गुडघा. गाडीत बसलो.’ बाकी काही लिहावंसं वाटलं नाही. आज त्या दिवसाचं मला जवळपास काही आठवत नाही. शर्यत सोडलेल्यांना उचलणाऱ्या त्या गाडीत अजून चौघं-पाचजण होते, एवढंच. त्यांतल्या एकाशीही मी बोललो नाही. वहीतलं सर्वांत मोठं नुकसान ते पान आहे. तुमच्यापैकी कोणावर ती वेळ आली, तर त्या दिवशी जास्त लिहा.

शर्यतीनंतरच्या दिवसांचं थोडक्यात सांगतो. स्नायू सर्वांत जास्त दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि चढण्यापेक्षा उतरताना. नख काळं पडतं, कधी गळून जातं. आणि आठवडाभरानं एक रितेपणा येतो. चार-पाच महिने पहाटे उठायला जे कारण होतं ते नसतं. याबद्दल नवख्यांना आधी कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

त्या लेसवाल्या गृहस्थांचं राहिलं. आठ महिन्यांनी एका सरावाच्या ठिकाणी ते मला दिसले. मी लगेच ओळखलं, त्यांनी नाही. नव्या मुलांना ते त्याच शर्यतीविषयी सांगत होते, आणि फार छान सांगत होते: हवा, गर्दी, शेवटचं वळण, गळ्यात पडलेलं पदक. मुलं भान हरपून ऐकत होती. सांगून झाल्यावर मी जवळ गेलो आणि विचारलं, “पस्तिसाव्या किलोमीटरला तुमची लेस सुटली होती ना?”

त्यांनी खरोखर विचार केला, बराच वेळ. मग म्हणाले, “नाही हो. मी कुठेच थांबलो नव्हतो. दुसरं कोणी असेल.”

नंबर माझ्या वहीत होता. पण वही त्या दिवशी घरी होती, आणि असती तरी मी ती उघडली नसती. ते परत मुलांकडे वळले. मी खाली पाहिलं. बूट तेच होते, आणि उजव्या बुटाला दुहेरी गाठ होती.