हराम: शिवीत अडकलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार. 'काळजीनं झोप हराम झाली,' असं आपण सहज बोलून जातो. झोप उडाली, झोपमोड झाली, असंही म्हणता येतं. मग 'हराम'च का? हा शब्द शिवीत इतका अडकलाय, की चारचौघांत उच्चारायलाही लोक कचरतात. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलतोय.

शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे आला फारसीतून. इस्लामी धर्मशास्त्र माणसाच्या कृतींचे पाच वर्ग करतं. एका टोकाला फर्ज, म्हणजे केलंच पाहिजे असं. दुसऱ्या टोकाला हराम, करायचंच नाही असं. त्याच्या अलीकडे मकरूह, म्हणजे न केलेलं बरं. तेव्हा जे जे नापसंत ते सगळं हराम नव्हे. हा टोकाचा शब्द आहे, जपून वापरायचा.

आणि गंमत पाहा. मक्केत काबाभोवती जी मशीद आहे, तिचं नावच मस्जिद अल-हराम. तिथे हराम म्हणजे पवित्र! ज्या चार महिन्यांत लढाई वर्ज्य, त्यांतला एक मुहर्रम. तोही याच धातूतला. हजयात्रेकरू इहराम, म्हणजे यात्रेपुरतं व्रतस्थपण, धारण करतो, तेव्हा नखं-केस कापायचे नाहीत, शिकार करायची नाही. निषिद्ध काय आणि पवित्र काय, हात दोन्हींपासून लांबच ठेवायचा. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक यांना १७७७ साली भेटलेला 'टॅबू' हा शब्दही असाच दुहेरी आहे.

मराठीत येताना पावित्र्य गळालं, राहिली फक्त मनाई. पण शिवीच्या पोटातही नेमका अर्थ आहे. 'खोर' म्हणजे खाणारा. हरामखोर म्हणजे हक्काचं नसलेलं खाणारा. लाच खाणाऱ्याला हा शब्द चपखल बसतो. उशिरा घरी आलेल्या पोराला तो लावणं म्हणजे शब्दाची नासाडी. नमकहराम म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागलेला. हरामजादा मात्र कुणीच कुणाला म्हणू नये. त्यात आईबापांचा ठपका लेकरावर येतो.

आता पुन्हा त्या झोपेकडे या. अंथरूण घातलेलं आहे, दिवा मालवलाय, डोळे जड झालेत. उद्या मुलीचं ऑपरेशन आहे. झोप उशाशी येऊन उभी आहे, आणि आईला वाटतंय, आजच्या रात्री या झोपेवर आपला हक्क नाही. झोप हराम होते ती अशी.