मंडे नाईट रॉ : दोन सभागृहं, एक रात्र

(दृश्य : न्यूयॉर्क, जानेवारीतली संध्याकाळ. ३४व्या रस्त्यावर मॅनहॅटन सेंटरच्या दाराशी रांग. जॅकेटांच्या आत काळे टी-शर्ट, मधूनच एखादी रुंद काठाची काळी टोपी.)

निवेदन :
२२ जानेवारी २०१८, सोमवार. मंडे नाईट रॉ, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचा दर सोमवारचा टीव्ही कार्यक्रम. आज त्याची पंचविशी.

ही रांग ज्या इमारतीत शिरते आहे ती १९०६ साली ऑपेरासाठी बांधली गेली. ११ जानेवारी १९९३ ला रॉचा पहिला भाग याच इमारतीतून दाखवला गेला. त्या रात्री योकोझुनाने कोको बी. वेअरला हरवलं, शॉन मायकल्सने मॅक्स मूनविरुद्ध इंटरकॉन्टिनेंटल हा दुसऱ्या क्रमांकाचा किताब राखला आणि अंडरटेकरने डेमियन डिमेंटोला लोळवलं. सगळा कार्यक्रम एका तासाचा.

पंचविशीच्या रात्री तो तीन तासांचा होता, आणि डब्ल्यूडब्ल्यूईने त्यासाठी दोन जागा घेतल्या होत्या. एक हे जुनं मॅनहॅटन सेंटर आणि दुसरं नदीपलीकडे ब्रुकलिनमधलं अवाढव्य बार्कलेज सेंटर. दोन्हीकडे रिंग, दोन्हीकडे समालोचक, दोन्हीकडे तिकीट काढून आलेली माणसं. थेट प्रक्षेपण मात्र एकच, इकडून तिकडे जाणारं.

आपल्याकडे तेव्हा मंगळवारची सकाळ, साडेसहा वाजलेले. शाळेच्या मधल्या सुट्टीत मल्लांच्या चित्रांच्या पत्त्यांनी खेळताना अंडरटेकरच्या पत्त्यावरची उंची आणि वजन सांगून समोरच्याचा पत्ता जिंकणारी पिढी आता नोकरीला लागली होती. त्यातले कितीतरी जण ऑफिसची घाई बाजूला सारून टीव्हीसमोर बसले होते.

घरी बसलेल्यांना ती रात्र बरी वाटली. अमेरिकेत सरासरी सुमारे ४५ लाख लोकांनी ती पाहिली. पण मॅनहॅटन सेंटरमधल्या लोकांनी त्याच रात्री ‘रिफंड, रिफंड’ अशा घोषणा दिल्या. पंचवीस वर्षं जीव लावलेल्या कार्यक्रमाच्या वाढदिवशी, तो जिथे जन्मला त्याच इमारतीत, चाहते पैसे परत मागत होते.

(दृश्य : रिकामं सभागृह. रिंगच्या फळ्या बसवणं, दोऱ्या ताणणं, उंचावर कॅमेरा चढवणं.)

निवेदन :
असं का झालं हे कळायला, रॉमध्ये प्रेक्षक नेमकं काय काम करतो ते आधी बघू.

या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. लोकांचा आवाज ठरलेला नसतो. रिंगच्या एका बाजूला उंचावर मुख्य कॅमेरा स्थिर असतो, त्याला हार्ड कॅम म्हणतात. घरी आपल्याला दिसते ती त्याच्या समोरची बाजू, म्हणून पुठ्ठ्याचे फलक घेऊन येणारे चाहते तिथल्याच खुर्च्या शोधतात. मायक्रोफोन जसे रिंगजवळ असतात तसे प्रेक्षकांसाठीही वेगळे लावलेले असतात. मल्ल फटका मारतो आणि क्षणभर थांबतो. आवाज चढला तर तो थांबा लांबवतो, नाही चढला तर पुढच्या डावाकडे वळतो. अनुभवी मल्ल लोकांच्या आवाजावर लढत बेतत जातो.

अचानक उसळणाऱ्या जल्लोषाला चाहत्यांच्या बोलीत पॉप म्हणतात. खलनायकाला मिळणाऱ्या हुर्योला हीट. दोन्ही मिळाले तर काम फत्ते. मल्लाला भीती असते ती शांततेची. ऑगस्ट २०२० ते जुलै २०२१ या काळात महामारीमुळे सभागृहात पडद्यांवरचे चेहरे होते आणि आवाज ध्वनियंत्रातून सोडावा लागत होता. तेव्हाची एखादी लढत आज पुन्हा पाहा. डाव तेच आहेत, पण थांबे चुकलेले जाणवतात.

(दृश्य : बार्कलेज सेंटर. प्रवेशमार्ग, मोठा पडदा.)

निवेदन :
बार्कलेजमध्ये सुरुवात जोरात झाली. रिंगमध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख विन्स मॅकमहन, वय ७२, आणि त्यांची मुलं शेन आणि स्टेफनी. तेवढ्यात ध्वनिक्षेपकांवर काच फुटली.

स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन या जुन्या मल्लाच्या प्रवेशसंगीताची सुरुवात काच फुटण्याच्या आवाजाने होते, आणि ते फार हुशारीचं आहे. नाव जाहीर व्हायच्या आधी, माणूस पडद्याबाहेर यायच्या आधी, एका सेकंदात सगळं सभागृह उभं राहतं. धून असेल तर ती ओळखायला दोन-तीन सेकंद जातात. इथे सगळ्यांना एकाच क्षणी कळतं, म्हणून आवाजाचा स्फोट होतो.

पुढे काय होणार ते लोकांना पाठ होतं. पोटात लाथ. समोरचा वाकला की त्याच्याकडे पाठ करायची, त्याचं डोकं पकडून हनुवटी आपल्या खांद्यावर घ्यायची आणि धपकन खाली बसायचं. हा स्टनर. ऑस्टिनने विन्सला पहिला स्टनर दिला तो २२ सप्टेंबर १९९७ ला, याच शहरातल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. वीस वर्षांनी शेनलाही मिळाला आणि विन्सलाही. मग बिअरचे डबे हवेत. आठवणीवर उभा असलेला प्रसंग कसा करावा, तर असा. माणूस आला, त्याने त्याची एकच गोष्ट केली आणि तो गेला.

हे सगळं मॅनहॅटन सेंटरमधल्या लोकांनी पडद्यावर पाहिलं.

(दृश्य : मॅनहॅटन सेंटर. रिंग रिकामी. प्रेक्षक माना वर करून पडद्याकडे पाहत आहेत.)

निवेदन :
दुखणं इथे होतं. बार्कलेज प्रक्षेपणावर असताना इथली रिंग रिकामी. घरी सोफ्यावर बसलेल्याला दिसत होतं तेच इथे तिकीट काढून बसलेल्याला दिसत होतं, आणि त्याचा आवाज कुठेच पोहोचत नव्हता. मल्लाला ऐकू जात नाही, टीव्हीवर जात नाही. एखादी गर्दी अर्धा तास अशी बसली की तिचा जोर ओसरतो. मग कॅमेरा एकदम तिच्याकडे वळतो, आणि तिने पहिल्या सेकंदापासून ओरडावं अशी अपेक्षा असते.

तीन तासांत या लोकांच्या वाट्याला थेट आलं ते एवढंच : ब्रे वायट आणि मॅट हार्डी यांची एक लढत, अंडरटेकरचं भाषण, आणि शेवटाकडे डी-जनरेशन एक्स ही मल्लांची जुनी टोळी आणि तिला जोडून एक झटपट लढत. समालोचनाच्या टेबलावर जिम रॉस आणि जेरी लॉलर. ज्यांच्या आवाजावर एक पिढी वाढली त्या दोघांनाही बोलायला फारसं काही मिळालं नाही.

अंडरटेकरचं भाषण हा या रात्रीचा सगळ्यात हुकलेला क्षण. २ एप्रिल २०१७ ला ऑरलँडोत, रेसलमेनिया ३३ या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, रोमन रेन्सकडून हरल्यावर त्याने हातमोजे, कोट आणि टोपी रिंगच्या मधोमध ठेवली होती आणि तो निघून गेला होता. लोकांनी तो निरोप मानला होता. त्यानंतर तो पहिल्यांदाच समोर येत होता. घंटेचा टोल पडला, दिवे गेले, आणि तो नेहमीच्या संथ चालीने आला. त्या छोट्या जागेत ते दृश्य फार भारी दिसलं. त्याच इमारतीत तो १९९३ मध्येही होता.

सभागृहाला एकच प्रश्न विचारायचा होता : थांबलास की नाही? त्याने जुन्या शत्रूंची नावं घेतली, गेलेल्यांना शांती लाभो म्हणाला आणि परत फिरला. कुणाला आव्हान नाही, ठरलेला निरोपही नाही. लोकांनी आदराने टाळ्या वाजवल्या आणि मग एकमेकांकडे बघितलं. उत्तर ८ एप्रिल २०१८ ला न्यू ऑर्लिन्समध्ये मिळालं. त्याने जॉन सीनाला तीन मिनिटांच्या आत हरवलं. मॅनहॅटन सेंटरमध्ये त्या लढतीची एक ठिणगी जरी टाकली असती, तर ती इमारत दणाणली असती.

डी-जनरेशन एक्सच्या वेळी गर्दी पुन्हा जिवंत झाली. ट्रिपल एच, शॉन मायकल्स, रोड डॉग, बिली गन, एक्स-पॅक आणि सोबत रेझर रॅमन म्हणजे स्कॉट हॉल. १७ मे १९९३ ला याच मॅनहॅटन सेंटरमध्ये रेझर रॅमन एका पोरगेल्या, अनोळखी मल्लाकडून हरला होता. तोच पुढचा एक्स-पॅक. ज्यांना हे आठवत होतं त्यांना ते दोघे पुन्हा याच छताखाली दिसले. मग नव्या फळीतले फिन बॅलर, गॅलोज आणि अँडरसन आले. मधली दोन बोटं अंगठ्याला टेकवायची, तर्जनी आणि करंगळी ताठ, जणू लांडग्याचं तोंड. ही खूण जुन्यांनी नव्यांच्या हाताला भिडवली. त्या रात्री मॅनहॅटनमधला खरा पॉप या बोटांना मिळाला.

त्यानंतर मात्र द रिव्हायव्हल या तरुण जोडीला गॅलोज-अँडरसनकडून झटपट हरवलं आणि म्हाताऱ्या मंडळींनीही त्यांना चोप दिला. चाहते यावर चिडले, आणि बरोबर चिडले. जुन्यांची आरती करताना दर सोमवारी काम करणाऱ्या मुलांना पायदळी तुडवायची गरज नव्हती.

उपाय अवघड नव्हता. पडदा चालू असताना इथल्या रिंगमध्ये प्रक्षेपणाबाहेरच्या तीन-चार लढती लावायच्या. किंवा पहिला तास सलग मॅनहॅटनचा ठेवायचा आणि मग बार्कलेज. गर्दीला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त रिकामं ठेवायचं नाही, हे कोणत्याही जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानावरही पाळतात. एक जोड सुटली की दुसरी आत असते.

(दृश्य : सेंट लुईस. स्कॉटट्रेड सेंटर.)

निवेदन :
आता थोडं मागे जाऊ. २३ जुलै २०१२, सेंट लुईस, रॉचा हजारावा भाग. एकही सोमवार चुकला नसता तर तो ५ मार्च २०१२ लाच आला असता. वीस आठवड्यांची तफावत पडली, कारण वाहिनीवर कधी टेनिस असायचं, कधी कुत्र्यांचं प्रदर्शन. याच रात्रीपासून रॉ दर आठवड्याला तीन तासांचा झाला, आणि २०२४ पर्यंत तसाच राहिला.

जुनी मंडळी तेव्हाही होती. पण शेवटच्या काही मिनिटांत काहीतरी बदललं. सीएम पंक विरुद्ध जॉन सीना, किताबासाठी. बिग शो हा मल्ल मध्ये घुसला, पंक नियमभंगाने बाद ठरला, पण किताब त्याच्याकडेच राहिला. सीनाला वाचवायला द रॉक हा जुना मल्ल धावला. पंकने आधी रॉकला आडवा हात मारून पाडलं, मग खांद्यावर उचलून खाली येणाऱ्या चेहऱ्यावर गुडघा मारला. सभागृहात आधी श्वास रोखल्यासारखं झालं, मग अर्धे ओरडले, अर्ध्यांनी हुर्यो उडवली. पुढचा सोमवार बघायला कारण मिळालं होतं.

(योगायोग असा की हजाराव्या भागात इंटरकॉन्टिनेंटल किताब मिझने ख्रिश्चनकडून जिंकला, आणि पंचविशीलाही मिझनेच रोमन रेन्सकडून.)

जुन्या नावाला जल्लोष मिळेलच असंही नाही. ६ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसजवळ, नेटफ्लिक्सवरच्या पहिल्या रॉमध्ये हल्क होगन आला. ज्या धूनवर चाळीस वर्षं लोक नाचले, तिच्यावर त्या रात्री हुर्यो उठली आणि तो बोलत असेपर्यंत थांबली नाही. त्याचे वर्णद्वेषी उद्गार २०१५ मध्ये बाहेर आले होते आणि लोक ते विसरले नव्हते.

(दृश्य : फिलाडेल्फिया. रिंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, न्यायालयासारखी रचना.)

निवेदन :
२३ जानेवारी २०२३. रॉची तिशी, फिलाडेल्फिया, जागा एकच. इथेही चूक झाली. बेकी लिंच आणि बेली यांची पिंजऱ्यातली लढत जाहीर करून झालीच नाही, आधीच हल्ला दाखवून ती गुंडाळली. पिंजरा बघायला आलेल्या लोकांचा तो हक्क होता.

पण त्या रात्रीचा सगळ्यात मोठा आवाज कुठल्याही जुन्या माणसासाठी नव्हता. सामी झेनवर रोमन रेन्सच्या टोळीने खटला भरला होता. पॉल हेमन आरोप करत होता. सोलो सिकोआ मारायला सरसावला, तेवढ्यात त्याच टोळीतला जे उसो आडवा आला. आधी महिनोन्महिने सामीचा तिरस्कार करणारा हाच जे उसो. त्याने सामीच्या बाजूने स्वतःचा पुरावा पडद्यावर दाखवला. निकाल : निर्दोष, तूर्तास. वीस मिनिटांच्या आसपास नुसतं बोलणं, आणि सभागृह प्रत्येक वाक्यावर हलत होतं. कारण ही गोष्ट त्या आठवड्यात चालू होती आणि पुढच्या शनिवारी तिचं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच रात्री अंडरटेकर मोटारसायकलवर आला. एलए नाइट घाबरून मागे फिरला, तर वाटेत ब्रे वायट उभा. अंडरटेकरने नाइटची मान पकडली आणि त्याला वायटकडे सोपवलं. पाच वर्षांपूर्वी हे दोघं मॅनहॅटन सेंटरमध्ये एकाच रात्री, वेगवेगळे, त्या कंटाळलेल्या गर्दीसमोर येऊन गेले होते. आता जाता जाता अंडरटेकर थांबला आणि वायटच्या कानात काहीतरी बोलला. ते कुठल्याच मायक्रोफोनने पकडलं नाही. लोकांना ते ऐकायचं नव्हतंच, त्यांनी ते पाहिलं आणि ते ओरडले.

(दृश्य : अंधारलेलं सभागृह. मंचावर झुलती खुर्ची आणि कंदील.)

निवेदन :
२४ ऑगस्ट २०२३ ला ब्रे वायट गेला. वय ३६. तो प्रवेश करायचा तेव्हा दिवे मालवले जायचे आणि लोक मोबाइलचे दिवे वर धरायचे. चाहते त्यांना काजवे म्हणायचे. दुसऱ्या दिवशी लुईव्हिलमध्ये स्मॅकडाउन, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा दुसरा साप्ताहिक कार्यक्रम होता. मंचावर त्याची खुर्ची ठेवली होती. सभागृहात काळोख झाला, आणि वरच्या रांगांपासून खालपर्यंत काजवे लागत गेले.