रिपोर्ट निगेटिव्ह कधी येणार?

मंडळी, सुरुवात एका आजोबांपासून करतो. २०२० सालची, कोविडच्या साथीतली गोष्ट. आजोबांचा ताप केव्हाच उतरला होता, ऑक्सिजन सुटला होता, चारीठाव जेवत होते, वॉर्डात फेऱ्या मारत होते. पण दर दोन दिवसांनी नाकात काडी जायची आणि संध्याकाळी रिपोर्ट यायचा, पॉझिटिव्ह. मध्येच एक निगेटिव्ह आला. आजोबांनी पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी परत पॉझिटिव्ह! घरी सोडायचं तर चोवीस तासांच्या अंतराने दोन रिपोर्ट निगेटिव्ह हवेत, असा तेव्हा नियम होता. बत्तिसाव्या दिवशी त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, “डॉक्टर, आजारी मी आहे की तुमचं मशीन?”

मशीन धडधाकट होतं. फक्त आम्ही त्याला एक प्रश्न विचारत होतो आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं.

आरटी-पीसीआर, म्हणजे ही काडीची तपासणी, विषाणू शोधत नाही. ती त्याच्या जनुकीय साखळीचे तुकडे शोधते. मग तो तुकडा जिवंत विषाणूतला असो, नाहीतर मेलेल्या पेशीत अडकून राहिलेला चुरा असो, तिला दोन्ही सारखेच. नमुन्यातला माल प्रत्येक फेरीत दुप्पट करत जायचं आणि कितव्या फेरीत तो मशीनला दिसला ते लिहायचं, ही झाली सीटी व्हॅल्यू. समजा, एका पेशंटची पहिल्या आठवड्यात २० आली आणि चौथ्या आठवड्यात ३५. फरक १५ फेऱ्यांचा. एकाला पंधरा वेळा दुप्पट करून बघा, ३२,७६८ येतात. म्हणजे नमुन्यातला माल बत्तीस हजारांहून जास्त पटींनी घटलाय, आणि कागदावर शब्द मात्र तोच, पॉझिटिव्ह. शिवाय पस्तिशीच्या पुढचा नमुना म्हणजे अगदी काठावरचा. काडी जरा आत गेली तर सापडतो, जरा बाहेर राहिली तर निसटतो. आजोबांचा तो मधला निगेटिव्ह असाच निसटलेला.

शेतात कात सापडली म्हणून साप तिथेच बसलाय असं कुणी म्हणत नाही. आम्ही मात्र कात बघून साप गेल्यावर महिनाभर भुई धोपटत होतो.

साप खरोखर आहे का हे बघायचं तर नमुना पेशींवर टाकून त्यात विषाणू वाढतो का ते पाहावं लागतं. कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेतलं, वेळखाऊ काम आहे ते. म्युनिकमध्ये अगदी सुरुवातीच्या नऊ रुग्णांवर हे केलं गेलं. पहिल्या आठवड्यात घशातल्या नमुन्यातून विषाणू सहज वाढला. आठव्या दिवसानंतर वाढला नाही, आणि तोही नमुन्यात आरएनए, म्हणजे ती जनुकीय साखळी, भरपूर असताना. पुढे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नाक-घशातले तुकडे सरासरी १७ दिवस दिसतात, एखाद्यात ८३ दिवस, विष्ठेत तर १२६ दिवसांपर्यंत, असं आढळलं. पण त्यातल्या ज्या अभ्यासांनी जिवंत विषाणू शोधला होता, त्यांपैकी एकातही तो आजाराच्या नवव्या दिवसानंतर मिळाला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये दोन निगेटिव्हची सक्ती सोडली ती अशाच पुराव्यांवर. लक्षणांपासून दहा दिवस आणि वर किमान तीन दिवस लक्षणाविना, असा हिशेब आला.

आता मूळ प्रश्न. निगेटिव्ह व्हायला काहींना आठ दिवस लागतात, काहींना महिना, असं का?

वुहानच्या १९१ रुग्णांचा अभ्यास २०२० च्या मार्चमध्ये छापून आला. जे वाचले त्यांच्यात विषाणू किती दिवस सापडत राहिला, त्याचा मध्यक (ओळीत लावल्यावर मधोमध येणारा आकडा) २० दिवस, सगळ्यात कमी ८, सगळ्यात जास्त ३७. जे गेले त्यांच्यात विषाणू शेवटपर्यंत सापडत राहिला. मग या गेलेल्यांचा हिशेब कुठे मांडायचा? त्यांना वगळलं तर सरासरी उगाच छान दिसते.

अशा अभ्यासांतून कारणांच्या याद्या निघाल्या. चीनमधल्याच ११३ रुग्णांच्या एका अभ्यासात तीन कारणं पुढे आली: पुरुष असणं, दवाखान्यात उशिरा दाखल होणं आणि व्हेंटिलेटर लागणं. यातल्या दुसऱ्या कारणापाशी मी नेहमी थांबतो. उशिरा आला म्हणून विषाणू जास्त दिवस राहिला, हे ऐकायला पटतं. पण बघा, जो लक्षणांच्या बाराव्या दिवशी दाखल होतो आणि तेव्हा पॉझिटिव्ह असतो, त्याचा काळ सहा दिवसांचा असूच शकत नाही. जे सहा दिवसांत साफ झाले ते बाराव्या दिवशी दवाखान्यात आलेच नाहीत, घरी बरे होऊन मोकळे झाले. म्हणजे उशिरा येणाऱ्यांची रांग आधीच चाळून आलेली असते. उशिराने काहीच बिघडत नाही असं मी म्हणत नाहीये, पण त्या आकड्यात आजार किती आणि मोजणी किती, हे वेगळं काढणं महाकठीण. मोजायला सुरुवात लक्षणांपासून केली की पहिल्या रिपोर्टपासून, काडी रोज घातली की चार दिवसांनी, यानेही उत्तर हलतं.

पहिला दिवस नक्की माहीत असलेला दाखला मिळणं दुर्मीळ. ब्रिटनमध्ये १८ ते २९ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणूचा थेंब सोडला. अठरा जणांना लागण झाली. दोन दिवसांच्या आतच विषाणू दिसू लागला, पाचव्या दिवसाच्या सुमारास कळस गाठला, आणि नाकात जिवंत विषाणू लागणीपासून सरासरी दहा दिवसांपर्यंत मिळत राहिला. सगळे तरुण, सगळ्यांना डोस एकच. तरीही सगळे एकाच दिवशी साफ झाले नाहीत.

फरक पडतो तो आपल्या आतल्या फौजेमुळे. पहिली फळी इंटरफेरॉनची. पेशीत विषाणू शिरला की ती शेजारच्या पेशींना सावध करते. वय वाढतं तसा हा इशारा उशिरा आणि क्षीण होतो, नवीन शत्रूला ओळखणाऱ्या टी पेशीही कमी झालेल्या असतात. म्हणून वय जवळजवळ प्रत्येक यादीत सापडतं. पुरुषांच्या बाबतीत २०२० मध्ये एक चकित करणारा धागा मिळाला. जीवघेणा कोविड झालेल्या ९८७ जणांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं होती. त्या १०१ पैकी ९५ पुरुष! पहारेकऱ्याचे हात घरातल्यांनीच बांधलेले. सगळ्या पुरुषांचा उलगडा यातून होत नाही, पण नुसतं ‘पुरुष असणं’ याच्यापेक्षा हे कितीतरी कामाचं उत्तर आहे.

लसीने ही फौज आधीच कवायत करून तयार असते. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघांतल्या लोकांची सतत तपासणी व्हायची, त्यातून दिसलं की कळस गाठल्यावर लस घेतलेल्यांना साफ व्हायला सरासरी साडेपाच दिवस लागले, न घेतलेल्यांना साडेसात.

स्टिरॉइडबद्दल हमखास विचारलं जातं. मर्सच्या (कोरोनाच्याच घराण्यातला दुसरा आजार) रुग्णांमध्ये स्टिरॉइड घेतलेल्यांचा विषाणू उशिरा गेला, हे खरं. पण डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले, हेही तितकंच खरं. तिथे फुप्फुस जाळत असते ती आपलीच फौज. रिपोर्ट चार दिवस उशिरा निगेटिव्ह आला तर येऊ द्या, माणूस वाचू द्या. ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना ते देण्यात मात्र काही लाभ दिसला नाही. रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी औषधाची गंमत उलटी. एका मोठ्या चाचणीत बरं होण्याचा काळ १५ वरून १० दिवसांवर आला, आणि चीनमधल्या चाचणीत विषाणूच्या प्रमाणात औषध घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरकच दिसला नाही. बरं होणं आणि निगेटिव्ह होणं ही दोन वेगळी घड्याळं आहेत.

पण एक गट असा आहे की तिथे माझी कातीची उपमा चालत नाही. २०२० मध्येच ७१ वर्षांच्या एका बाईंची नोंद झाली. त्यांना रक्ताचा कर्करोग होता, कोविडचं लक्षण एकही नव्हतं. सत्तराव्या दिवशी त्यांच्या नमुन्यातून जिवंत विषाणू वाढला, तुकडे १०५ दिवस मिळत राहिले. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीच दुबळ्या असल्या किंवा उपचारांनी संपवलेल्या असल्या, की असं होतं. अवयव बदललेले, कर्करोगाचे, बी पेशी संपवणारं रिटुक्सिमॅब हे औषध घेणारे असे पेशंट समोर असले की दहा दिवसांचा हिशेब मी बाजूला ठेवतो. तिथे लागोपाठच्या सीटी व्हॅल्यू बघतो, शक्य तर विषाणू वाढवून बघायला सांगतो, आणि आकडा चढायचं सोडून वीस-बाविसावरच रेंगाळत असला तर पेशंटला वेगळ्या खोलीतच ठेवतो.

नेदरलँड्समधल्या ७२ वर्षांच्या एका गृहस्थांच्या शरीरात विषाणू ६१३ दिवस राहिला. त्या मुक्कामात त्याने पन्नासहून अधिक बदल करून घेतले. दिलेल्या प्रतिपिंडाच्या औषधालाही तो थोड्याच दिवसांत पुरून उरला. गृहस्थ शेवटी गेले ते रक्ताचा मूळ आजार उलटून. तेव्हाही ते पॉझिटिव्हच होते.

आमचे आजोबा, सांगायचं राहिलं, चौतिसाव्या दिवशी घरी गेले. रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, नियम बदलला होता.